अपील खारीज झालंय, आणि बायकोला अजून सांगितलेलं नाही

पत्राचा सारांश

पत्र यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलं आहे. लिहिणारे गृहस्थ 51 वर्षांचे. एका खाजगी अनुदानित शाळेत 16 वर्षं शिपाई होते. 2019 च्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा संस्थेनं त्यांना हजेरीपटावर सही करू दिली नाही. चौकशी नाही, लेखी आदेश नाही, ‘उद्यापासून येऊ नका’ एवढंच तोंडी. त्यांनी महिन्याच्या आत अमरावतीच्या शाळा न्यायाधिकरणात अपील केलं. वकील साडभावाच्या नात्यातले. सुरुवातीला हे स्वतः दर पेशीला जायचे. मग वकीलसाहेब म्हणाले, “तुम्ही कायले चकरा मारता, मी आहो ना.” तेव्हापासून फोनवर विचारायचं, उत्तर मिळायचं ‘तारीख वाढली’, आणि बायको ती पुढची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवायची.

दीड महिन्यापूर्वी आईला घेऊन ते अमरावतीला इर्विन दवाखान्यात गेले होते. हाती वेळ होता म्हणून न्यायाधिकरणाच्या कचेरीत डोकावले. बाबूनं रजिस्टर पाहून सांगितलं, “तुमचं अपील मागच्या जूनमध्येच खारीज झालं. कोणी हजरच नव्हतं.” वकिलांना विचारलं तर ते म्हणाले, ज्युनिअरनं तारीख डायरीत चढवली नाही, ‘बघतो’. अजून बघतच आहेत. मेहुणा म्हणतो, वकिलाला ग्राहक मंचात खेचा. संस्थेच्या एका संचालकानं निरोप धाडलाय की दीड लाख घ्या, राजीनाम्यावर सही करा, मोकळे व्हा. घरी अजून कोणाला माहीत नाही. त्यांचा प्रश्न असा: “माझी काही चूक नसताना केस मेली. आता ती जिवंत होते का, की दीड लाख घेऊन गप्प बसू?”

उत्तर

भाऊ,

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. तुम्ही लिहिता तसंच असेल, म्हणजे कोणी हजर नव्हतं म्हणूनच अपील खारीज झालं असेल, तर ते पुन्हा पटावर येऊ शकतं, म्हणजे त्याची सुनावणी परत सुरू होऊ शकते. त्यासाठी त्याच न्यायाधिकरणात अर्ज करायचा असतो. तुमचं म्हणणं खरं की खोटं, यावर अजून कोणी निकाल दिलेला नाही. दार लोटलेलं आहे, कुलूप लागलेलं नाही.

पण पत्रातल्या दोन गोष्टींनी मला काळजी लावली. एक म्हणजे ‘माझी काही चूक नसताना’ हे शब्द. दुसरी म्हणजे ‘दीड महिन्यापूर्वी’.

दीड महिन्याचं आधी बोलते, कारण ते घड्याळ हे पत्र वाचतानाही चालू आहे. हजर न राहिल्यामुळे खारीज झालेलं अपील पुन्हा पटावर घेण्यासाठी मुदत कायदा, 1963 च्या अनुच्छेद 122 मध्ये 30 दिवस दिलेले आहेत, आणि ते मोजायचे खारीज झाल्याच्या तारखेपासून, तुम्हाला कळल्याच्या तारखेपासून नाही. म्हणजे तुमची मुदत मागच्या वर्षी जुलैतच संपली. त्यामुळे तुम्हाला दोन अर्ज लागतील. एक अपील पुन्हा पटावर घेण्याचा, दुसरा झालेल्या उशिराच्या माफीचा. दुसरा अर्ज त्याच कायद्याच्या कलम 5 खालचा. तो मान्य झाला तरच पहिला ऐकला जातो. विलंबमाफीच्या अर्जात न्यायाधीश दोन तुकडे वेगवेगळे पाहतात: कळण्याआधीचा काळ आणि कळल्यानंतरचा काळ. पहिल्या तुकड्याला तुमच्याजवळ चांगलं उत्तर आहे. ‘वकील म्हणायचे तारीख वाढली, मी विश्वास ठेवला.’ दुसऱ्या तुकड्याला काय उत्तर आहे? कचेरीत बाबूनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, आणि तुम्ही घरी येऊन दीड महिना गप्प राहिलात. संस्थेचा वकील नेमकं इथंच बोट ठेवेल. आज त्याला 45 दिवस दाखवता येतात. पोळा, गणपती, सोयाबीनची कापणी करत बसलात तर 100 दिवस दाखवेल.

आता ‘माझी काही चूक नसताना’. हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाही. वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला मिळू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं 1981 साली रफीक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात अगदी स्वच्छ सांगितलं आहे. खेड्यातला माणूस वकील लावतो, फी देतो आणि वकील आपलं काम करील या भरवशावर घरी परततो; त्यानं वकिलावर पहारा देत बसावं अशी अपेक्षा नाही, असा त्या निकालाचा भाव आहे. तिथं दुसऱ्या बाजूचा खर्चही गैरहजर राहिलेल्या वकिलाकडून वसूल करायला सांगितलं होतं. तुमचे नवे वकील हा निकाल दाखवतील, आणि दाखवावाच.

मात्र 1993 साली सलील दत्ता यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं सांगितलं की वकिलाची चूक म्हटलं की प्रत्येक वेळी माफी, असा नियम नाही. तिथला पक्षकार शहरातली कंपनी होती, तिचं कार्यालय त्याच शहरात होतं. तिला ‘वकिलानं सांगितलं म्हणून आलो नाही’ हे कारण शोभलं नाही. ही दोन प्रकरणं शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे वकील चुकलेलेच. फरक पडला तो पक्षकार कोण होता, कुठं राहत होता आणि त्याच्या परीनं त्यानं काय केलं होतं, यानं. म्हणून वकिलाची चूक सिद्ध केली की काम झालं, असं समजू नका. अर्जात वकिलाच्या चुकीला एक परिच्छेद पुरतो. बाकीची पानं तुमच्या वागण्याची असतात. कधी फोन केला, कधी भेटलात, काय उत्तर मिळालं, फी कधी दिली. अपील परत उभं राहणार ते त्या पानांवर.

तुम्ही आहात त्या दोघांच्या मध्ये कुठंतरी. निरक्षर नाही, दहावी पास आहात. पण कंपनीही नाही. नेर, नांदगाव खंडेश्वर करत एसटीनं अमरावतीला जायचं म्हणजे अख्खा दिवस जातो आणि त्या दिवसाची मजुरीही बुडते. हे अर्जात लिहा. लाज वाटू देऊ नका. न्यायाधीशांना तुमचं गाव कुठं आहे, सकाळी कितीची गाडी आहे आणि ती चुकली की काय होतं, हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

आणि म्हणूनच, भाऊ, तुमचं पहिलं काम घरात आहे. कालनिर्णयवर कोण लिहितं? तुमची बायको. पत्रासोबत त्या एका पानाचा फोटो तुम्ही सहज म्हणून पाठवलात, मी तो मोठा करून करून पाहिला. दुधाच्या हिशेबाच्या खाली, एका गुरुवारच्या चौकोनात निळ्या पेनानं लिहिलंय: ‘पेशी. वकील म्हणे वाढली. 1500 फोनपे.’ अपील खारीज झाल्यानंतरच्या महिन्यातलं पान आहे ते. म्हणजे अपील संपून गेलं होतं आणि तुमच्या घरात त्या अपिलाच्या पेशीची तारीख लिहिली जात होती, फी दिली जात होती. तुम्ही बेफिकीर नव्हतात याचा याहून चांगला पुरावा मी तरी कमी वेळा पाहिला आहे. आणि तो ज्या बाईच्या हातचा आहे, तिच्यापासूनच तुम्ही गोष्ट लपवली आहे.

तिला आज रात्री सांगा. तुम्हाला वाटतं की तिला धक्का बसेल. बसेल. पण गेली पाच-सहा वर्षं तीच तारखा लिहिते आहे, आणि दर वेळी ‘वाढली’ लिहिताना तिच्या मनात काही आलं नसेल असं मला वाटत नाही. मागच्या वर्षांची कालनिर्णयं कुठं आहेत विचारा. रद्दीत गेली असतील तर आत्ता शोधा. कपाटाच्या खणात, धान्याच्या कोठीखाली अंथरलेली सापडतात. सापडली की जशी आहेत तशी ठेवा. त्यावर आता एक अक्षरही नवं लिहायचं नाही, राहिलेली तारीखसुद्धा आठवून भरायची नाही. शाई वेगळी दिसली की सगळंच खोटं ठरतं. तिनं स्वतःचं छोटं शपथपत्र दिलं की ‘या नोंदी माझ्या हातच्या, ज्या त्या दिवशी केलेल्या’, तर तुमच्या अर्जाला कणा येईल. फोनपेच्या नोंदी बँकेच्या पासबुकातून काढा. वकिलांचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज असतील तर फोन बदलू नका, काही पुसू नका. ते दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते नवे वकील करतील. अमरावतीच्या फेऱ्यांची एसटीची तिकिटं, इर्विनचा केसपेपर हेही ठेवा. तुम्हाला गोष्ट कोणत्या दिवशी कळली, हे तो केसपेपर सांगतो.

आता एक गोष्ट मोठ्यानं सांगते, कारण हे तुम्हाला कोणीतरी सुचवणारच आहे. ‘काविळीचं सर्टिफिकेट आणा, सहा महिने अंथरुणाला होतो म्हणा, मी बनवून देतो.’ आणू नका. आपल्या भागात हे इतकं सर्रास चालतं की लोकांना तो अर्जाचाच भाग वाटतो. 22 वर्षं वकिली करताना मी अशी सर्टिफिकेटं ढिगानं पाहिली. त्याच महिन्यात त्या माणसानं ग्रामपंचायतीत सही केलेली असते, नाहीतर सोसायटीत कर्ज उचललेलं असतं. समोरचा वकील तो कागद काढतो आणि खरी, चांगली केस त्या एका खोट्या कागदापायी बुडते. तुमचं खरं कारण पुरेसं आहे. उशीर समजावताना एकेका दिवसाचा किस काढत बसू नये, मोठ्या मनानं पाहावं, असं सर्वोच्च न्यायालयानं 1987 साली अनंतनागच्या भूसंपादन प्रकरणात सांगितलंय. ती उदारता खरं बोलणाऱ्यासाठी आहे. दीड महिना का गेला, तेही खरंच लिहा: वकीलसाहेब ‘बघतो’ म्हणाले, नातं होतं, घरी सांगायची हिंमत झाली नाही. माणसाला पटणारी गोष्ट आहे ती.

वकिलांचं काय करायचं? तुम्हाला दोन्ही बाजूंनी ओढ लागली आहे. एकीकडे राग, दुसरीकडे सोयरीक. लग्नाकार्यात समोरासमोर यायचं आहे. तुम्हाला वाटतंय की त्यांच्याविरुद्ध लिहून दिलं तर त्यांचं वाटोळं होईल. मला इथं माझीच एक गोष्ट सांगावी लागेल. मी ज्युनिअर होते तेव्हा एका सूतगिरणी कामगाराची तारीख माझ्याकडून डायरीत चुकीच्या पानावर लिहिली गेली. सकाळी अकराला पुकारा झाला, मी वरच्या मजल्यावर दुसऱ्या कोर्टात होते. केस खारीज. माझ्या सिनिअरनी मला त्या कामगाराच्या गावी पाठवलं, एकटीला, सांगायला. तो अंगणात तूर झोडत होता. त्यानं ऐकून घेतलं आणि पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी मी माझ्या नावानं शपथपत्र केलं: चूक माझी, पक्षकाराची नाही. केस चौथ्या महिन्यात परत पटावर आली. त्या शपथपत्रानं माझं काही वाटोळं झालं नाही. नसतं दिलं, तर त्या माणसाचं झालं असतं.

तेव्हा वकीलसाहेबांकडे जा, पण भांडायला नाही. सोबत बायकोला न्या, किंवा दोघांच्याही ओळखीचं एखादं वडीलधारं माणूस. तीन गोष्टी मागा: चुकीचं शपथपत्र, पूर्ण फाईल, आणि नवीन वकील लावायला ना हरकत. मुद्दा असा मांडा की, ‘तुमच्या शपथपत्रानं माझं अपील परत येतं, आणि अपील परत आलं तर मला तुमच्याविरुद्ध कुठं जायची गरज उरत नाही.’ बहुतेक वकील हे ऐकतात. ज्युनिअरवर ढकलून मोकळे होऊ पाहत असतील तर म्हणा, मग ज्युनिअरचंही शपथपत्र द्या. फी बाकी आहे म्हणून फाईल अडवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2000 साली आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात ते ठरवून टाकलं आहे. आणि काहीच द्यायला तयार नसतील तर रजिस्टर पोस्टानं एक साधं पत्र पाठवा, पोचपावती जपा, आणि आठवडाभरात पुढं निघा. त्यांच्यासाठी थांबायचं नाही. रोजनामा, म्हणजे प्रत्येक पेशीला काय झालं याची न्यायाधिकरणातली नोंद, आणि तुमचे कागद त्यांच्याशिवायही बोलतात.

अपील परत उभं करण्याचं काम मात्र त्यांच्याच हाती पुन्हा देऊ नका, ते कितीही म्हणाले तरी. ज्याची चूक आहे त्यानंच स्वतःच्या चुकीबद्दल युक्तिवाद करायचा, ही अवघड जागा आहे. तो नेहमी चूक थोडी लहान करून सांगेल, आणि नुकसान तुमचं होईल.

मेहुण्याच्या सूचनेबद्दल थोडक्यात. ग्राहक मंचाचा रस्ता बंद आहे. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मे 2024 मध्ये आला. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम 35 खाली तक्रार करता येते. वकील खोटं बोलत राहिले, पैसे घेत राहिले असं असेल तर ती करण्यात काही गैर नाही. पण तिथं वकिलावर कारवाई होते, तुमची नोकरी तिथून मिळत नाही. आधी अपील, मग हवं तर तक्रार. रागाच्या भरात क्रम उलटा झाला की शपथपत्र देणारा माणूस शत्रू होऊन बसतो.

आता दीड लाख. खरं सांगायचं तर या निरोपानं मला जरा धीर आला. अपील कायमचं मेलंय अशी संस्थेची खात्री असती तर मेलेल्या अपिलासाठी कोणी दीड लाख देऊ केले नसते. तुमचा शेवटचा पगार किती होता तो आठवा. 2019 च्या जूनपासून आजपर्यंत किती महिने झाले ते मोजा. गुणाकार करा. मग दीड लाखाकडे बघा. खाजगी शाळेतल्या कर्मचाऱ्याला बेकायदा काढलं असेल तर नोकरीसोबत मागचा पगार मिळणं हा सर्वसाधारण नियम आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2013 साली दीपाली सुरवसे यांच्या प्रकरणात सांगितलं. त्या बाई महाराष्ट्रातल्याच, आणि कायदाही तुमचाच, 1977 चा खाजगी शाळा कर्मचाऱ्यांचा. या काळात तुम्ही दुसऱ्याच्या वावरात मजुरीला गेलात, जिनिंगवर हंगामात राबलात, हे लपवू नका. कमी मजुरीवर पोट भरलं म्हणून मागच्या पगाराचा हक्क आपोआप जात नाही. पण तुम्ही लपवलं आणि त्यांनी शोधलं, तर जाऊ शकतो.

तडजोड वाईट असते असं मी म्हणत नाही. तुम्ही 51 चे आहात, पोरीचं शिक्षण चालू आहे, केस अजून किती वर्षं चालेल हे कोणी सांगू शकत नाही. पैशाची निकड असेल तर तडजोडीचा विचार जरूर करा. फक्त मेलेल्या अपिलावर करू नका. अपील पटावर आलं की तोच संचालक वेगळा आकडा बोलेल. आणि जी काही तडजोड होईल ती न्यायाधिकरणासमोर नोंदवून होऊ द्या, संचालकाच्या ओसरीवर नको. राजीनाम्यावर तर आत्ता सहीच करू नका. त्या 1977 च्या कायद्यात कलम 7 आहे: राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही आणि तारीख टाकायची, एक प्रत रजिस्टर पोस्टानं संस्थेला पाठवायची, दुसरी स्वतःजवळ ठेवायची. कर्मचाऱ्यांकडून कोऱ्या कागदावर सह्या घेण्याची जुनी खोड मोडायलाच ते आलं. तुमच्यासमोर ठेवलेल्या कागदावर तारखेची जागा मोकळी असेल तर तिथं 2019 मधली तारीख पडेल आणि तुमचं सगळं अपीलच पोकळ होईल.

एक बारकावा, तुमच्या नव्या वकिलांशी बोलताना लक्षात ठेवा. अपील पुन्हा पटावर घ्यायला न्यायाधिकरण तयार असतं, पण ‘मधल्या काळाचा पगार संस्थेनं का भरावा?’ हा प्रश्न न्यायाधीशांच्या मनात असतो. खारीज झाल्यापासून परत पटावर येईपर्यंतच्या महिन्यांचा पगार मागणार नाही, असं तुम्हीच सांगितलंत, आणि संस्थेला थोडाफार खर्च द्यायची तयारी दाखवलीत, तर अर्ज मंजूर होण्याची शक्यता खूप वाढते. वर्षभराचा पगार सोडायचा म्हणजे जिवावर येतं, मला कळतं. पण त्या बदल्यात आधीची पाच वर्षं आणि पुढची नोकरी पणाला लागण्यापासून वाचते. मी तुमच्या जागी असते तर सोडला असता.

गावात कोणी म्हणेल, ‘नवीनच अपील टाक ना.’ 1977 च्या त्या कायद्यात अपिलाची मुदत नोकरीवरून काढल्यापासून 30 दिवसांची आहे. 2019 ची गोष्ट आज नव्यानं नेलीत तर सहा वर्षांचा उशीर समजवावा लागेल. जुनं अपील मुदतीत दाखल झालेलं आहे, तीच तुमची जमेची बाजू. ती सोडू नका.

आणि रोजनाम्याची नक्कल हातात आल्याशिवाय यातलं काहीही पक्कं धरू नका. तुम्ही बाबूच्या तोंडचं ऐकलंय, आदेश वाचलेला नाही. आदेशात ‘अपीलकर्ता व वकील गैरहजर, सबब खारीज’ असेल तर वर लिहिलेला रस्ता. नोटिशीचा खर्च भरला नाही म्हणून खारीज असेल तरी जवळपास तोच. पण तुमच्या गैरहजेरीत न्यायाधिकरणानं अपिलाच्या गुणदोषांवर मत देऊन ते फेटाळलं असेल, तर गोष्ट वेगळी. या न्यायाधिकरणाला दिवाणी अपील न्यायालयाचे अधिकार आहेत, आणि अपीलकर्ता हजर नसताना अपील गुणदोषांवर फेटाळता येत नाही, असं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 41 नियम 17 मध्ये म्हटलेलं आहे. तसं झालं असेल तर ते तुमच्या बाजूचंच आहे, फक्त अर्ज वेगळा लिहावा लागेल. न्यायाधिकरणानं नाहीच ऐकलं तर उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ आहे. तिथंही पहिला प्रश्न हाच येईल, कळल्यावर किती दिवसांत हललात?

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठीही दोन शब्द, कारण अशी पत्रं मला गिरणी कामगारांची, साखर कारखान्यातल्या हंगामी माणसांचीही येतात. दिवाणी दावा तुमच्या गैरहजेरीत आणि समोरचा हजर असताना खारीज झाला, तर आदेश 9 नियम 9 खाली 30 दिवसांत अर्ज करायचा. त्याच कारणावर नवीन दावा टाकता येत नाही. कामगार न्यायालयानं एकतर्फी निवाडा दिला आणि तो लागूही झाला, तरी पुरेसं कारण असेल तर तेच न्यायालय तो मागे घेऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी 2018 मध्ये हरियाणा सूरज माल्टिंगच्या प्रकरणात ते सांगितलं. कोरोनाच्या काळात खारीज झालं असेल तर 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीत मोजायचा नाही, हे वकिलाला आठवण करून द्या. कामगार आणि दिवाणी न्यायालयातल्या केसचा 16 अंकी-अक्षरी सीएनआर नंबर आजच वकिलाकडून घेऊन मोबाइलच्या ई-कोर्ट्स अ‍ॅपमध्ये टाका. पुढची तारीख स्वतः दिसते. कोणाला विचारायची, कोणाची मनधरणी करायची गरज नाही. आणि वकिलाच्या फोनवर कितीही विश्वास असला तरी सहा महिन्यांतून एकदा कचेरीत जाऊन रोजनामा डोळ्यांनी बघा.

नवीन वकिलाच्या फीची चिंता तुम्ही शेवटच्या ओळीत घातली आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीची खोली असते, जिल्ह्याला विधी सेवा प्राधिकरण आहे. अनुसूचित जाती-जमातीचे लोक, महिला, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कमी उत्पन्नाची माणसं यांना वकील फुकट मिळतो. 15100 हा त्यांचा फोन नंबर. तुमचं आजचं उत्पन्न मजुरीचं आहे, तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. अपील अमरावतीत आहे तेव्हा तिथल्या प्राधिकरणाकडे अर्ज करायचा की यवतमाळच्या, हे तालुक्याच्या समितीत विचारलंत की ते सांगतात.

तर आज रात्री घरात बोला. सोमवारी पहिल्या गाडीनं दोघंही अमरावतीला जा. कचेरीत नकलेचा अर्ज द्या: अपिलाचा नंबर, खारीज झाल्याची तारीख, ‘शेवटचा आदेश आणि पूर्ण रोजनामा’ असं त्यावर स्पष्ट लिहा आणि पोच घ्या. आधार कार्डाची झेरॉक्स, दोन पासपोर्ट फोटो आणि कालनिर्णयचं ते पान पिशवीत असू द्या. पान दुमडू नका, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून न्या.